डब्यातली तुळस

"भिंतीला खिळा मारायचा नाही," घर दाखवणारा तरुण म्हणाला आणि मला हसू आलं.

तो बिचारा गोंधळला. माझ्या मुलीनं, मुक्तानं, माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. तिचंही बरोबरच होतं. दीड महिना ती घर शोधत होती. डिचोलीच्या हायस्कुलात नोकरी लागली, पण राहायचं कुठे ते ठरेना. आधी म्हापशात पाहिलं. मग कुणीतरी पेडणं सुचवलं, तर तिथे विमानतळ झाल्यापासून घरमालक भाडं सांगताना आपल्याकडे न बघता आभाळाकडे बघतात. शेवटी, नोकरी जिथे आहे त्याच गावात बघावं, हे शहाणपण आम्हां मायलेकींना सगळ्यात उशिरा सुचलं. आणि मिळाला की हा फ्लॅट. दोन खोल्या, उगवतीकडे गॅलरी, नळाला दोन वेळ पाणी. भाडं ऐकल्यावर मुक्तानं ते पुन्हा एकदा विचारलं, आपण नीट ऐकलं ना म्हणून. अशा ऐन वेळी आई खिळ्यावरून हसायला लागली तर कुणालाही राग येईल.

"अकरा महिन्यांचा करार, खिळा नको, बाकी काही अट नाही," तो तरुण म्हणाला.

"बाकी काही नाही ना?" मी विचारलं.

"नाही मावशी. अजून काय असणार?"

अजून काय असणार ते मला माहीत होतं. याच गावात, इथून चालत दहा मिनिटांवर, मी ते ऐकलं होतं. तेव्हा अटी तीन होत्या.

त्याला आता पन्नास वर्षं होत आली. मी दहा वर्षांची होते आणि आम्ही सुर्ल्याला खाणीच्या शेडमध्ये राहत होतो. शेड म्हणजे पत्र्याची लांबच लांब चाळ. मधल्या भिंतीही पत्र्याच्याच, त्यामुळे एका घरात लसूण चिरडली की तिचा वास सात घरांना कळायचा. आमचं मूळ गाव दोडामार्गापलीकडचं. बाबा खाणीवर टिप्पर चालवायचे. डोंगरावरून माल भरायचा आणि नदीच्या धक्क्यावर बार्जीपाशी, म्हणजे मालवाहू बोटीपाशी, नेऊन ओतायचा. दिवसभर रस्त्यावर टिपरांची रांग आणि रांगेवर तांबडी धूळ. ती धूळ कुठे नव्हती असं नव्हतं. भातात होती, पाण्यात होती, माझ्या वेणीत होती. आईनं कितीही साबण लावला तरी बाबांचा पांढरा सदरा गुलाबीच व्हायचा. लहानपणी मला वाटायचं की बापमाणसाचे सदरे गुलाबी असतात.

त्या शेडच्या दाराशी आईनं एक तुळस ठेवली होती. वनस्पती तुपाच्या पिवळ्या डब्यात. लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या अंगणातून बी आणलं होतं, असं ती सांगायची. रोज सकाळी आंघोळ झाली की आई आधी त्या तुळशीची पानं धुवायची, एकेक पान बोटांत धरून. धुतल्यावर ती तासभर हिरवी दिसायची, की पुन्हा तांबडी. शेजारच्या बायका हसायच्या. आई म्हणायची, "माझां त्वांड मी रोज धुतंय ना? मगे?"

त्या वर्षी उन्हाळ्यात शेड रिकामी करायला सांगितलं. कशासाठी ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. एवढंच कळलं की पावसाच्या आत निघायचं. बाबांची नोकरी राहणार होती, घर राहणार नव्हतं. त्यातच मी चौथी पास झाले होते आणि पुढची शाळा डिचोलीला होती. मग आईबाबांचं ठरलं की डिचोलीत भाड्याची खोली मिळाली तर आपण तिघं एकत्र राहायचं. नाही मिळाली तर आईनं मला घेऊन गावी जायचं, बाबांनी कुठेतरी चार ड्रायव्हरांत पथारी टाकायची. गावी पाचवी नव्हती. म्हणजे माझी शाळा तिथेच संपणार होती. हे कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण त्या दिवसांत आई माझी वेणी जरा जास्तच घट्ट घालायची.

खोली शोधायला आम्ही दर रविवारी डिचोलीला जायचो. तेव्हा घर दाखवणारी माणसं नसायची. टिंट्यावर, म्हणजे बाजारात, जायचं. न्हाव्याला विचारायचं, पिठाच्या गिरणीत विचारायचं, पानाच्या गादीवर विचारायचं, आणि मग ते सांगतील त्या दिशेला चालत सुटायचं. काजूचे दिवस होते. गल्लीगल्लीत पिकल्या बोंडांचा तो गोड आंबूस वास असायचा, आणि कुठे काजूच्या दारूची भट्टी लागलेली असली तर त्या वासानंच बाबांची चाल मंदावायची. आई मागून खाकरायची, की ती पुन्हा सरळ.

खोल्या तशा होत्या. आम्ही त्यांना नको होतो. बाबा रविवारी दोनदा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून निघायचे. घरमालक दार उघडायचा, हसायचा आणि मग त्याची नजर सदऱ्यावर जायची. तो गुलाबी रंग बघितला की त्याला कळायचं, हा खाणीवरचा. खाणीवरचा माणूस म्हणजे भिंती तांबड्या, न्हाणी तांबडी. "आमची खोली कालच दिली बघा," असं म्हणणारे चार जण भेटले. त्यांतल्या एकाची खोली आम्ही पुढे वर्षभर जाता-येता रिकामीच पाहत होतो.

एक खोली मात्र नदीजवळ मिळत होती. मालक गोड बोलत होता, भाडंही परवडणारं होतं, नुकताच चुना लावलेला होता. बाबा हो म्हणणार इतक्यात आई भिंतीपाशी गेली आणि छातीच्या उंचीवर नखानं चुना खरवडला. आत मातीची एक आडवी रेघ निघाली. दुसऱ्या कोपऱ्यात खरवडलं, तिथेही त्याच उंचीवर तीच. बाहेर आल्यावर म्हणाली, "न्हंय हयसर येवन गेलीहा. माका पवाक येणा नाय." नदी इथे येऊन गेलीय, आणि मला पोहता येत नाही. मला आईचा इतका अभिमान वाटला, पण घरी परतताना बसमध्ये रडूही आलं. पाऊस तीन आठवड्यांवर होता.

मग एका रविवारी आई तापानं अंथरुणात होती म्हणून बाबा एकटेच गेले आणि संध्याकाळी सदऱ्याच्या खिशात किल्ली घेऊन आले. "खोली गावली," म्हणाले. आई ताप विसरून उठून बसली.

बाजारामागून एक बोळ चढणीवर जातो. त्या चढणीच्या टोकाला माईंचं घर होतं. माई म्हणजे घरमालकीण. साठीकडे झुकलेल्या, शिडशिडीत, कुणालाही उभ्या उभ्या पारखणाऱ्या. सगळी आळी त्यांना माईच म्हणायची. मुलगा मुंबईला नोकरीला, घरात त्या एकट्या. घराच्या एका अंगाला वेगळ्या दाराची खोली आणि तिला लागून चुलीपुरती जागा. सदरा बघूनही त्यांनी बाबांना बसायला सांगितलं होतं, कपभर चहाही दिला होता. नदी फार खाली होती. भाडं आमच्या ऐपतीतलं होतं. "दोन अटी हत," बाबा म्हणाले. "भिंतीक खिळो मारूचो नाय. आणि गणपती हाडूचो नाय."

आईनं दोन्ही अटी जागेवर मान्य केल्या. गणपतीला आम्ही नाहीतरी गावीच जात होतो, आणि खिळ्यावाचून कुणाचं अडतं? त्या रात्री तिनं मला जवळ घेतलं आणि माझी वेणी सोडून, केस मोकळे करून थोपटत राहिली. मला जन्मात तशी झोप लागली नसेल.

माझे बाबा खोटं कधी बोलले नाहीत. फक्त पुष्कळदा अर्धंच बोलायचे.

सामान हलवायला बाबांच्या एका दोस्तानं टिप्पर आणला. खनिजाच्या गाडीत आमची अंथरुणं, भांडी, पाट, एक ट्रंक. वर ताडपत्री घातली होती तरी सगळा संसार तांबडा होऊन डिचोलीत उतरला. आई पुढे बसली होती, मांडीवर तुळशीचा डबा घेऊन. सुर्ल्यापासून इथवर खड्डा आला की ती डबा दोन्ही हातांनी वर उचलून धरायची. मला हादरे बसले ते कुणी पाहिलं नाही.

माई पायरीवर उभ्या होत्या. टिप्पर थांबला, आई उतरली आणि त्यांची नजर डब्यावर पडली. त्या बाबांना म्हणाल्या, "तुका तीन गजाली सांगल्यो न्हय? तिसरी हिका सांगली ना?"

बाबा टायरकडे बघायला लागले.

"तुळस ना म्हणून सांगिल्लें," माई म्हणाल्या. "गणपती ना, तुळस ना, खिळो ना."

आता मुक्ताला हे सांगायला गेले तर तिला विचित्र वाटतं. पण त्या वर्षांत ते तसं नव्हतं. दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्या माणसाला तिथून काढता येऊ नये असे कायदे होऊ घातले होते, काही झालेही होते. ज्यांच्या चार खोल्या होत्या ते धास्तावलेले होते. कोण कायमचा राहतो आणि कोण उपरा, हे माणसं कागदावरून कमी आणि अंगणावरून जास्त ओळखायची. ज्याची तुळस, त्याचं अंगण. जिथे तुळशीपुढे रोज दिवा लागतो ते घर त्या दिवा लावणारीचं, असं चारचौघं साक्षीला उभे राहून सांगायचे. माईंनी कधीतरी कुणामुळे तरी हात पोळून घेतला होता असं आळीत म्हणायचे. त्याची हकीकत त्यांनी आम्हांला कधी सांगितली नाही.

"ह्यां तुमी माका सांगलास नाय," आई बाबांना म्हणाली. आवाज चढवला नाही. मग माईंकडे वळली. "माई, मी ही भुंयत लावणंय नाय. डब्यातच रवात. दाराच्या भायर ठेवणंय नाय, चुलीकडे ठेवीन."

"आज डब्यांत, फाल्यां भुंयेंत," माई म्हणाल्या. "मागीर म्हज्या आंगणांत दोन तुळशी. दोन तुळशी म्हळ्यार दोन घरां."

"मगे आमी फिरतंव," आई म्हणाली.

मी इतकी घाबरले. परत फिरायचं तर कुठे? सुर्ल्याची शेड तर रिकामी करून दिली होती. टिप्पर तासाभरात परत द्यायचा होता. माझ्या नव्या शाळेचं आवार त्या चढणीवरून दिसत होतं, मघापासून मी तेच बघत होते. मी आईचा पदर ओढला आणि म्हणाले, "आये, टाक गो ती."

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांतलं ते बघून मी पदर सोडला. आज ती नाही, आणि आयुष्यात तिला बोललेलं एक वाक्य परत घेता येत असेल तर मी ते घेईन.

डबा मातीनं जड झाला होता. आईचा हात भरून आला म्हणून तिनं तो टेकवायला जागा शोधली आणि समोर होतं त्यावर टेकवला. ते माईंचं वृंदावन होतं. अंगणाच्या मध्यावर, निळ्या रंगाचं, कोनाड्यात पणती ठेवायची जागा असलेलं. आणि रिकामं. आत नुसती भेगाळलेली माती आणि एक वाळकी काटकी. इतका वेळ आमच्यातल्या कुणाचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. आईचं गेलं असावं, कारण डबा टेकवल्याबरोबर तिनं तो पुन्हा उचलायला हात घातला. दुसरीच्या सुन्या वृंदावनावर आपली भरली तुळस ठेवणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं.

"रांव," माई म्हणाल्या. पायरी उतरून आल्या. तुळशीचं एक सुकलेलं पान खुडलं. पानांवर रस्त्याची धूळ बसली होती, माना खाली पडल्या होत्या. "उदक केन्ना घाललें?"

"सकाळी."

"हिका तान लागल्या मगो."

त्या विहिरीवर गेल्या. रहाटाचा कुरकुर आवाज मला अजून ऐकू येतो. कळशी भरून आणली, ओंजळीनं पानांवर पाणी मारलं, मग मुळाशी थोडं थोडं ओतलं, डब्याच्या तळातून गळायला लागेपर्यंत. आम्ही सगळे उभे होतो, टिपरवाला दोस्तसुद्धा. ते पाणी डब्यातून गळून वृंदावनाच्या मातीत मुरत होतं. माई बराच वेळ तिकडे बघत राहिल्या.

"म्हजी तीन फावटीं सुकली," त्या म्हणाल्या. तीनदा लावली, तीनदा सुकली, हे कुणाला उद्देशून असं नाही. मग पदरानं हात पुसले आणि अगदी व्यवहाराच्या आवाजात आईला म्हणाल्या, "आयक. ही हांगा, म्हज्या वृंदावनांत लावया. मागीर तुळस म्हजी जाली. घर म्हजें, आंगण म्हजें, तुळस म्हजी. उदक तूं घाल, दिवो तूं लाय, ताका कोण ना म्हणटा?"

माहेरची तुळस, दुसरीची म्हणायची. मला वाटलं, आता नाही म्हणते. तिनं डब्यातल्या मातीत बोट घालून पाहिलं, आणि मग वृंदावनातल्या मातीत.

"खत घातल्याशिवाय धरूची नाय," ती म्हणाली. "मागच्या दारी शेण मिळात काय?"

टिपरवाल्या दोस्तानं आमची ट्रंक उतरवायला घेतली. मी धावत खोलीत गेले. आत जनेल होतं, म्हणजे शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी. त्यातून येणारा उजेड दुधाळ, थंड. तोवर मी घरात फक्त पत्र्याच्या भोकांतून येणारं ऊन पाहिलं होतं. मी त्या उजेडात जमिनीवर आडवी पडले. पाठीला शेणानं सारवलेली गार जमीन लागली आणि मला वाटलं, सुटलो आपण.

त्या खोलीत आम्ही सात वर्षं राहिलो. काय काय सांगायचं? पहाटे पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत चढण चढायचा. त्याच्या टोपलीतल्या गरम उंड्यांचा वास आमच्या दारापर्यंत त्याच्या आधी यायचा. बुधवारी बाजार भरला की खालून गलका सुरू व्हायचा, आणि दुपारी तो विरत जाऊन फक्त एखाद्या कोंबड्याचं ओरडणं उरायचं. खिळा मारायचा नव्हता म्हणून आईनं वाशांना सुंभ बांधून त्यावर कपडे टांगले, आणि देवाची तसबीर तांदळाच्या पिंपावर ठेवली. त्यामुळे रोज भात घालताना आधी देव उचलावा लागायचा. बाबा म्हणायचे, "आमच्या घरात देव रोज उठून जागा देता." त्यांचे सदरे मात्र गुलाबीच राहिले. न्हाणी तांबडी झाली की आई नारळाची शेंडी घेऊन घासत बसायची. माई येऊन बघून जायच्या, बोलायच्या नाहीत. त्यांचं न बोलणं हीच पावती असायची.

तुळस धरली. पहिला महिनाभर दोघी तिच्या मागे होत्या. आई सकाळी पाणी घालायची आणि माई दुपारी येऊन मातीत बोट घालून बघायच्या, जास्त तर झालं नाही ना. श्रावणात तिला नवे धुमारे फुटले तेव्हा माईंनी आळीतल्या एकेकीला बोलावून दाखवलं. "म्हजी तुळस," म्हणायच्या. आई चुलीपाशी हसायची.

आणि कार्तिकात तुळशीचं लग्न. गोव्यात त्या दिवसाला मोठी दिवाळीच म्हणतात. वृंदावनाला नवा निळा रंग दिला. उसाचं दांडकं, चिंचा, आवळे आणि नवरदेव म्हणून दिण्याच्या झाडाची काठी. भटजी आले आणि त्यांनी विचारलं, कन्यादान कोण करणार?

"व्हंकल म्हजी," माई म्हणाल्या. नवरी त्यांची.

"तिचा म्हायार माझ्याकडचा," आई म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती हे बोलली.

भटजी दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग माई म्हणाल्या, "तर आवय तूं, सासू हांव. फुडें चला." आणि हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात पडलेले होते ते मला तेव्हा दिसलं. अंतरपाट शोधायला गेलो तर स्वच्छ पांढरं कापड घरात एकच होतं, बाबांचा पंचा. तोच धरला. पणत्यांच्या उजेडात तो चांगलाच गुलाबी दिसत होता. भटजी मंगलाष्टका म्हणत होते, आळी अक्षता टाकत होती, आणि मी हातात फोव, म्हणजे पोहे, आणि गूळ घेऊन बघत होते. सात वर्षं सात लग्नं झाली, पण मला आठवतं ते हेच.

मी अकरावी झाले त्या वर्षी बाबांनी खाणीवरचं काम सोडलं आणि आम्ही गावी परत निघालो. सामान बांधून झालं. मला वाटलं, आई निदान एक फांदी मागेल. मंजिऱ्या तरी. तिनं फक्त पाणी घातलं, पानं धुतली, कोनाडा पुसला. माई पाठमोऱ्या उभ्या राहून दोरीवरचे कपडे काढत होत्या. ते वाळलेही नव्हते. आई त्यांच्या पाया पडली आणि चढण उतरायला लागली. "तुळस?" मी विचारलं. "माईंची ती," आई म्हणाली. बोललेला शब्द तिनं पाळला. गावी तिनं पुढे कितीतरी तुळशी लावल्या, पण डिचोलीचा विषय निघाला की म्हणायची, "ती बरी आसात मा?" एखाद्या लेकीची चौकशी करावी तसं. माईंची मात्र चौकशी कधी केली नाही. त्यांना काही होईल असं तिला वाटतच नसावं.

हे सगळं मी मुक्ताला त्या चढणीवर सांगितलं. करार दुसऱ्या दिवशी करायचा ठरला होता, हातात वेळ होता, म्हणून मी तिला तिकडे नेलं. तिला भूक लागली होती आणि चढणही तिला वाटली त्यापेक्षा मोठी निघाली. मलाही मोठीच वाटली, पण मी सांगितलं नाही.

घर होतं. कौलं बदललेली, आमच्या खोलीच्या जागी मोटारीची शेड. जनेल गेलेलं. पण अंगणात निळं वृंदावन तसंच, आणि त्यात माझ्या कमरेएवढी तुळस. चाळीस-पंचेचाळिशीची एक बाई अंगण झाडत होती. मी सांगितलं की पूर्वी आम्ही इथे भाड्यानं राहायचो, सहज बघायला आले. तिनं केरसुणी खाली ठेवली.

"टिप्पराचे ड्रायव्हर?" ती म्हणाली. "तांबडे धुळीचे?"

मी मान हलवली.

"हांव माईची नातसून. बसा." ती बसायला सांगून स्वतः मात्र उभीच राहिली. "लग्न करून आयलें तेन्ना माई खाटीर पडून आसली. पयल्याच दिसा म्हाका लागीं आपयलें आनी सांगलें, तुळशीक रोज उदक घाल, पूण ती आपली म्हणचें न्हय. ती भाडेकरणीची. तिणें म्हाका राखपाक दिल्या. केन्नाय आयली तर दिवची."

राखायला दिलेली, कधीही आली तर परत द्यायची. मुक्तानं माझा हात धरला. अंगणात वाऱ्यानं सगळीकडे तो तिखट, गोड वास सुटला होता, आणि मला आईचे ओले हात आठवले, एकेक पान धुणारे. मी तिथेच पायरीवर बसून रडले. त्यात दुःख फारसं नव्हतं. पन्नास वर्षं छातीवर असलेलं त्या एका वाक्याचं ओझं कुणीतरी न मागता उचललं होतं.

बीची रोपं वृंदावनाच्या कडेनं आपोआप आली होती, बोटभर उंचीची. नातसुनेनं त्यांतलं एक मातीसकट काढलं आणि घरातून प्लास्टिकचा एक डबा आणला. "डबो चलता मगो?" तिनं विचारलं. मी म्हटलं, डबाच हवा.

चढण उतरताना मुक्ता मध्येच थांबली. शिक्षिका ती, तिला सगळं आधी विचारून घ्यायची सवय. तिनं घर दाखवणाऱ्या तरुणाला फोन लावला आणि आवाज बाहेर ऐकू येईल असा ठेवला.

"गॅलरीत तुळस ठेवली तर घरमालकांना चालेल ना?"

प्रश्न त्याला कळलाच नसावा.

"तुळस? चालेल की," तो म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

मी डबा दोन्ही हातांनी जरा वर उचलून धरला आणि उतरायला लागले.